निसटलेला उजेड

दिवाळीचे दिवस जवळ आले की एक चित्र दरवर्षी मोबाइलवरून हातोहाती फिरू लागते. काळ्याभोर पटावर भारताचा नकाशा, त्यावर पांढऱ्या, निळ्या, हिरव्या आणि तांबड्या रंगांची उधळण, आणि खाली एक ओळ: दिवाळीच्या रात्री अंतराळातून दिसणारा आपला देश. आखातात नोकरीला असलेल्या भाच्याने ते आमच्याही घरी पाठवले होते. आम्ही सर्वांनी ते कौतुकाने पाहिले. मुलांनी समुद्राच्या काठाकाठाने बोट फिरवून वसईचा ठिपका शोधला आणि शेजारच्या घरावरचा आकाशकंदील त्यात असणारच, असा निर्वाळा दिला.

ते चित्र दिवाळीचे नव्हते. अमेरिकेच्या हवामान-उपग्रहांनी अनेक वर्षे टिपलेल्या रात्रीच्या नोंदी एकत्र करून ते तयार करण्यात आले होते. त्यातील रंग रोषणाईचे नसून काळाचे आहेत. १९९२ साली दिसू लागलेले दिवे निळे, १९९८ चे हिरवे, २००३ चे तांबडे आणि त्याआधीपासूनचे पांढरे. वस्ती कशी वाढत गेली हे दाखवणे एवढाच त्याचा हेतू होता. नासा या अमेरिकी अंतराळ संस्थेने २०१२ साली हा खुलासा केला आणि त्या वर्षीच्या दिवाळीतील, १२ नोव्हेंबरच्या रात्रीचे खरे छायाचित्र प्रसिद्ध केले. त्यात भारत एरवीसारखाच दिसतो. दिवाळीत लागणाऱ्या दिव्यांचा वाढीव उजेड इतका सौम्य असतो की तो अंतराळातून बहुधा जाणवणारही नाही, असे त्या संस्थेचे म्हणणे होते.

हे मी मुलांना सांगितले तेव्हा त्यांचे चेहरे उतरले. पणती तिथवर पोचत नाही, ही गोष्ट त्यांना एखाद्या पराभवासारखी वाटली. खरे सांगायचे तर क्षणभर मलाही वाटली. मग मनात आले, आपल्याला एवढे वाईट का वाटावे? उंचावरून दिसणे म्हणजेच असणे, आणि अधिक दिसणे म्हणजेच अधिक असणे, हे आपण केव्हा आणि कोणाच्या सांगण्यावरून मान्य केले? या प्रश्नाने माझा पिच्छा पुरवला. त्याचे उत्तर शोधताना जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

रात्रीच्या पृथ्वीवरील दिव्यांची गोष्ट एका सुंदर प्रसंगापासून सुरू होते. २० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन हा अंतराळवीर एकटाच एका लहानशा यानातून पृथ्वीभोवती फिरत होता. पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला अमेरिकन. त्याचे यान ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर आले तेव्हा खाली मध्यरात्र होती. तेथील पर्थ शहरातील लोकांनी त्या रात्री घराघरांतील आणि रस्त्यांवरील दिवे त्याच्यासाठी चालू ठेवले होते. त्या अथांग काळोखात ग्लेनला तो उजेड दिसला. दिवे लावल्याबद्दल नगरवासीयांना आपले आभार कळवावेत, असा निरोप त्याने आकाशातून दिला. पुढे १९९८ साली, वयाच्या ७७ व्या वर्षी, तो पुन्हा अंतराळात गेला तेव्हाही पर्थकरांनी दिवे लावले. ज्याला आपण पाहू शकत नाही अशा एकट्या प्रवाशाला, आम्ही जागे आहोत, हे सांगण्यासाठी एका गावाने लावलेला तो दिवा होता.

त्यानंतर आकाशात कितीतरी डोळे जाऊन बसले. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये सोडलेला सुओमी नावाचा उपग्रह सुमारे ८२४ किलोमीटर उंचीवरून फिरतो. त्यावरील यंत्राला भर समुद्रातील एकट्या जहाजाचा दिवाही दिसू शकतो. या उपग्रहांनी आणि अंतराळ स्थानकातील माणसांनी टिपलेली छायाचित्रे पाहताना आपण थक्क होतो. इजिप्तचे छायाचित्र पाहावे. अफाट वाळवंट काळे, आणि त्यातून नाईल नदीच्या काठाकाठाने गेलेली सोनेरी वेल. पाणी तेथे माणूस आणि माणूस तेथे दिवा, हा इतिहास एका दृष्टिक्षेपात समजतो.

परंतु हे दिवे आपले अपराधही सांगतात. जानेवारी २०१४ मध्ये अंतराळ स्थानकावरून कोरियाचे एक छायाचित्र घेण्यात आले. दक्षिण कोरिया उजेडाने लखलखते आहे, चीनही उजळलेला आहे आणि मधला उत्तर कोरिया असा काळा आहे की तेथे जणू समुद्रच पसरला असावा. लाखोंची वस्ती असलेले प्याँगयाँग हे राजधानीचे शहर दक्षिणेकडील एखाद्या लहान गावाइतके मिणमिणते. एकच भाषा, एकच रक्त, आणि मध्ये माणसाने ओढलेली रेघ. बर्लिनची भिंत १९८९ साली पडली. पण २०१३ साली ख्रिस हॅडफील्ड या अंतराळवीराने त्या शहराचे छायाचित्र घेतले तेव्हा पूर्वेकडचा भाग पिवळा आणि पश्चिमेकडचा पांढरट दिसत होता. दोन राजवटींनी दोन प्रकारचे दिवे लावले होते. भिंत गेली, तरी पाव शतकाने दिव्यांच्या रंगात तिची खूण उरली होती.

२१ मे २०११ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी अंतराळ स्थानकातील अंतराळवीरांशी संभाषण केले, ते अनेकांना आठवत असेल. पृथ्वीवरील हिंसाचाराविषयी त्यांनी मार्क केली यांना विचारले. केली यांच्या पत्नीवर त्याच वर्षी जानेवारीत गोळीबार झाला होता. केली यांनी उत्तरात सांगितले की आम्ही जगाच्या बहुतेक भागांवरून जातो आणि आम्हांला सीमा दिसत नाहीत. तरीही खाली माणसे एकमेकांशी भांडत आहेत याची आम्हांला जाणीव आहे. हे उत्तर हृदयाला भिडणारे होते. दिवसाच्या बाबतीत ते बव्हंशी खरेही आहे. रात्रीची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याच स्थानकावरून घेतलेल्या एका छायाचित्रात भारत आणि पाकिस्तान यांच्यामधील सीमा नारिंगी रंगाच्या नागमोडी रेषेसारखी स्पष्ट दिसते. ते कुंपणावरचे प्रखर दिवे आहेत. त्यांच्या उजेडात कोणी अभ्यास करीत नाही, कोणी भाकरी थापत नाही. शेजाऱ्याची भीती वाटते म्हणून ते रात्रभर जळतात. त्यांची गरज कोणामुळे निर्माण झाली हा वाद बाजूला ठेवू. पण देवाने दिवस आणि रात्र वेगळी केली, त्या रात्रीच्या पटावर आपण आपल्या भीतीने रेघ ओढली आहे, हे नाकारता येत नाही.

काही वेळा दिव्यांपेक्षा त्यांचे विझणेच अधिक बोलते. सीरियात २०११ च्या मार्चमध्ये यादवीला तोंड लागले. रात्रीची छायाचित्रे तपासणाऱ्या अभ्यासकांना आढळले की चार वर्षांच्या आत त्या देशातील ८३ टक्के दिवे मालवले होते. ज्या देशातील दमास्कसच्या वाटेवर संत पौलाला दिव्य प्रकाशाने गाठले, त्याच देशाची ही कथा. वर्तमानपत्रांतील मृतांचे आकडे वाचून आपण पान उलटतो. विझलेल्या प्रत्येक दिव्याखाली एक स्वयंपाकघर होते, हे आकड्यांतून कळत नाही.

आता एक अशी नोंद, जी आपण नाताळ साजरा करणाऱ्यांनी मुद्दाम वाचावी. २०१४ साली नासाच्या शास्त्रज्ञांनी सणांच्या दिवसांतील उजेड मोजला. नाताळ ते नववर्ष या काळात अमेरिकेतील शहरे आणि उपनगरे एरवीपेक्षा २० ते ५० टक्क्यांनी अधिक उजळलेली आढळली. रमजानच्या महिन्यात मध्यपूर्वेतील कित्येक शहरांचा उजेड तर ५० टक्क्यांहूनही अधिक वाढतो. कैरोमध्ये त्यांना एक वेगळी गोष्ट दिसली. शहरातील सर्वांत गरीब आणि धर्मनिष्ठ वस्त्यांत रमजानचा बहुतेक महिना उजेड फारसा वाढला नाही. ईद आली तेव्हा मात्र तेथेही दिवे उजळले. महिनाभर उपास करणाऱ्या आणि दिव्यालाही काटकसर करणाऱ्या त्या घरांनी एका रात्रीपुरता हात सैल सोडला. हे वाचून मी बराच वेळ थांबलो. यंत्राने मोजलेल्या आकड्यांतून अपरिचित माणसांचा आनंद असा समोर यावा, याचे मला नवल वाटले. आणि एक प्रश्नही पडला. अमेरिकेतील आपल्या धर्मबंधूंचा नाताळ अंतराळातून दिसतो, आपल्या हिंदू शेजाऱ्यांची दिवाळी दिसत नाही. मग ज्याचा सण दिसतो त्याची भक्ती मोठी, असे म्हणायचे का? पहिला नाताळ तर गावाबाहेर, मेंढपाळांच्या काळोखात झाला होता.

येथे थोडे सावध होऊन पाहिले पाहिजे. अलीकडे अर्थशास्त्रज्ञ रात्रीच्या उजेडावरून देशांची भरभराट मोजतात. जेथे सरकारी आकडे मिळत नाहीत किंवा विश्वसनीय नसतात तेथे हे माप उपयोगीही पडते. परंतु दिवा कोठे आहे हे कळले म्हणजे तो कोणाचा आहे हे कळत नाही. आफ्रिकेत नायजर नदीच्या मुखाशी रात्री प्रचंड तेजस्वी ठिपके दिसतात. ती शहरे नव्हेत. तेलाच्या विहिरींतून वर येणारा वायू तेथे वर्षानुवर्षे जाळून टाकला जातो, त्या ज्वाला आहेत. त्यांच्या आसपासच्या कित्येक खेड्यांत घरात लावायला दिवा नाही. अंतराळातून पाहणाऱ्याला तो प्रदेश उजळलेला वाटेल, आणि तेथील आई मात्र अंधारात चाचपडत मुलाला औषध पाजीत असेल.

दूर जाण्याचे कारण नाही. मुंबईचा झगमगाट अंतराळातून ठळक दिसतो. त्या उजेडाचा एक जुना हिशेब मुळशीत आहे. मुंबईला वीज मिळावी म्हणून मुळशीला धरण बांधायचे ठरले तेव्हा १९२१ साली तेथील मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. बायाबापड्याही त्यात उतरल्या. सत्याग्रह मोडला, धरण झाले, भाताची खाचरे आणि गावे पाण्याखाली गेली. ते पाणी सह्याद्रीवरून खाली भिऱ्याच्या वीजघरात उतरले आणि त्याची वीज मुंबईत आली. मुंबईला वीज नको होती, असे मी म्हणणार नाही. त्या विजेवर गिरण्या चालल्या, आणि पुढे दवाखाने आणि शाळाही. आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबांना तिने पोट भरायला रोजगार दिला. परंतु उपग्रहाच्या छायाचित्रात मुंबई लखलखते आणि मुळशीचा जलाशय काळा राहतो. दिवा जेथे जळतो ते स्थळ दिसते. त्याची किंमत जेथे चुकती झाली ते स्थळ दिसत नाही.

मग अंतराळातून नेमके दिसते तरी काय? हा प्रश्न मी एका विज्ञानशिक्षकांना विचारला. त्यांनी जे समजावून दिले ते इतके साधे आहे की आपल्याला आधी कसे सुचले नाही असे वाटावे. उपग्रहाच्या डोळ्यात जाणारा उजेड म्हणजे आपल्या हातून निसटलेला उजेड. काही दिव्यांचा झोत सरळ आकाशाकडेच असतो, आणि काहींचा उजेड रस्त्यावर वा भिंतीवर आपटून वर उसळतो. जो उजेड पुस्तकाच्या पानावरून मुलाच्या डोळ्यांत शिरला तो तेथेच संपला. जो सुईच्या नेढ्यावरून आजीच्या नजरेत गेला तोही तेथेच संपला. त्यांचे काम झाले, म्हणून ते वर पोचले नाहीत. त्यात आणखी एक गोष्ट. सुओमी उपग्रह आपल्या डोक्यावरून जातो तो रात्री साधारण दीड वाजता. त्या वेळेपर्यंत पणतीतले तेल संपलेले असते, अभ्यास करणारा मुलगा झोपलेला असतो, कुटुंबाची रोजरीची प्रार्थना केव्हाच आटोपलेली असते. माणसांची दिवसाची गरज सरल्यावरही जे जळत राहते तेच प्रामुख्याने त्याला दिसते. पहारेकऱ्याचा आणि आजाऱ्याच्या उशाचा दिवा त्या वेळीही जागा असतो. पण तो सहसा भिंतींच्या आत असतो.

हे ऐकले आणि शुभवर्तमानातील एक जुने कोडे मला नव्याने आठवले. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू आपल्या शिष्यांना जगाचा प्रकाश म्हणतो. डोंगरावर वसलेले नगर लपू शकत नाही, दिवा मापाखाली झाकून ठेवण्यासाठी नसतो, हे तो सांगतो. तुमची सत्कृत्ये लोकांना दिसू द्या असेही सांगतो. पण पुढच्याच अध्यायात तो दानधर्म गाजावाजा न करता, गुप्तपणे करावयास सांगतो आणि एकांतातले पाहणाऱ्या पित्यावर भरवसा ठेवावयास शिकवतो. मग दिवा दाखवायचा की झाकायचा? मत्तयाच्या पाचव्या आणि सहाव्या अध्यायांमध्ये हा विरोध कसा?

मला वाटते, उत्तर त्या दिव्याच्या दृष्टांतातच आहे. दिवा दिवठणीवर का ठेवायचा, तर घरातील सर्वांना उजेड मिळावा म्हणून. प्रभूच्या डोळ्यांसमोर त्या काळच्या गरिबाचे एकखणी घर आहे. एक दिवा आणि त्याच्या उजेडात वावरणारी सगळी माणसे. लोकांनी दिव्याकडे पाहावे म्हणून तो उंच ठेवलेला नाही. दिव्यामुळे लोकांना एकमेकांचे चेहरे दिसावेत म्हणून ठेवलेला आहे. सत्कृत्य लोकांना दिसावे तेही त्यांनी कर्त्याची स्तुती करावी म्हणून नव्हे, तर स्वर्गातील पित्याचा गौरव करावा म्हणून. तेव्हा प्रश्न दिसण्याचा किंवा न दिसण्याचा नाही. या दिव्याने कोणाला दिसू लागले, हा प्रश्न आहे. आपले दान, आपली सेवा, आपले पांडित्य यांपैकी किती उजेड गरजवंताच्या डोळ्यांत शिरून संपला आणि किती वर निसटला, हे ज्याने त्याने आपल्याशी तपासून पाहावे. वर निसटलेला उजेड छायाचित्रात येतो, अहवालात येतो, चर्चच्या भिंतीवरील संगमरवरी पाटीवरही येतो.

या निसटलेल्या उजेडाने आणखी एक हानी केली आहे. त्याने आकाश झाकले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार पृथ्वीवरील एक तृतीयांश माणसांना आपल्या घरून आकाशगंगा दिसत नाही. देवाने अब्राहामाला तंबूबाहेर नेऊन तारे मोजावयास सांगितले. आजच्या महानगरात त्याला बोटांवर मोजता आले असते, आणि त्या वचनाचा अर्थच हरवला असता. आपल्या चर्चच्या इतिहासातही याचा दाखला आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली व्हॅटिकनच्या वेधशाळेची पुनर्स्थापना केली. रोमचे दिवे वाढले तेव्हा १९३० च्या दशकात ती शहराबाहेर कास्तेल गांदोल्फोला न्यावी लागली. पुढे तेथीलही आकाश उजळले, म्हणून १९८१ साली तेथील जेसुइट शास्त्रज्ञांनी आपले संशोधनकेंद्र अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटी प्रदेशात उभारले. निर्मिकाची आकाशातील कृती पाहण्यासाठी पोपच्या ज्योतिर्विदांना रोम सोडावे लागले. २०१२ च्या ईस्टर जागरणविधीत पोप बेनेडिक्ट यांनी हेच रूपक घेतले होते. आपण शहरे इतकी उजळतो की तारे दिसेनासे होतात. आपले ज्ञानही तसेच झाले आहे, भौतिक वस्तूंविषयी आपल्याला पुष्कळ कळते, पण देव आणि चांगुलपणा यांविषयीचे प्रश्न दृष्टीआड गेले आहेत, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

हे लिहिताना अंधाराचे गोडवे गाण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. जगात २०२२ साली सुमारे ६८ कोटी माणसांना वीज मिळत नव्हती. कंदिलाच्या उजेडात बाळंतपण करणाऱ्या सुईणीला तारांगणाचे सौंदर्य सांगणे ही क्रूर थट्टा होईल. उत्तर कोरियाचा काळोख ही साधना नव्हे, ती लादलेली वंचना आहे. रात्रपाळीहून एकटी घरी येणाऱ्या मुलीला रस्त्यावरचा दिवा हवाच. अंधार पवित्र आणि दिवा पापी असा हा हिशेब नाही. एकाकडे उजेड उतू जातो आणि दुसऱ्याच्या घरात शिरत नाही, हे दुखणे आहे. २०२४ च्या जानेवारीत आपल्या महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातील पहिले काळोखी आकाशाचे उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. अशा ठिकाणी दिवे बंद करण्यावर भर नसतो. दिव्यांना टोपण घालून उजेड खाली वळवला जातो, जेथे पाऊल पडते तेथे.

आता माझ्या स्वतःच्या अपराधाविषयी. काही वर्षांपूर्वी आमच्या चर्चच्या सणाची बैठक भरली होती. रोषणाईचा विषय निघाला. मनोऱ्यापासून रस्त्यापर्यंत माळा, दोन कमानी, मागच्या भिंतीवर झोत. शेजारच्या धर्मग्रामाने गेल्या वर्षी काय केले होते याचीही चर्चा झाली. मी रोषणाईच्या बाजूने हिरिरीने बोललो. मुख्य रस्त्यावरून, पुलावरूनसुद्धा आपला मनोरा दिसला पाहिजे, असे माझे शब्द होते. त्या बैठकीत चर्चची झाडलोट करणाऱ्या एक आजी मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, चिंचेच्या वळणावर एक दिवा लावता येईल का. पहाटेच्या मिस्साला येताना तेथे काही दिसत नाही. मी त्यांना सांगितले, आजी, ते काम आपले नाही, त्यासाठी अर्ज करावा लागेल. त्या बरे म्हणाल्या आणि गप्प बसल्या. सण थाटात पार पडला. मनोरा पुलावरून दिसला.

उपग्रहांविषयी वाचत असताना, तो रात्री दीडचा हिशेब समजला त्या दिवशी, मला ते वळण आठवले. पुढच्या बैठकीत मी तो विषय काढला. अर्जाची वाट न पाहता चर्चच्या आवारातूनच तार नेता येते, हे वायरमनने पाच मिनिटांत सांगितले. इतके ते सोपे होते. वर टोपण असलेला, खाली उजेड टाकणारा एक दिवा तेथे लागला. रोषणाई आम्ही बंद केली नाही. सण हा सणासारखा झालाच पाहिजे. मात्र रात्री दहानंतर माळा मालवायच्या असे ठरले.

तो दिवा लागला तोवर आजींचे गुडघे गेले होते. पहाटेला येणे त्यांनी सोडले होते. मी घरी जाऊन त्यांना दिव्याचे सांगितले. त्या म्हणाल्या, बरे झाले, आता पोरींना दिसेल. त्यांना म्हणायचे होते त्या बायकांविषयी, ज्या भाजीच्या टोपल्या घेऊन पहिल्या गाडीसाठी त्याच वाटेने जातात. त्यांच्याविषयी मी कधी विचारच केला नव्हता. आजींनी तो दिवा स्वतःसाठी मागितला होता असे मी इतकी वर्षे समजत होतो.

दास्यातून पळून रानात एकटी पडलेली हागार आठवते. मला पाहणारा देव, असे नाव तिने परमेश्वराला दिले. तिच्याजवळ त्या रानात दिवा होता असे उत्पत्तीचे पुस्तक सांगत नाही. अंतराळातील डोळ्याला उजेड लागतो. देवाला लागत नाही. तेव्हा त्याला दिसावे म्हणून आपण काही पेटवण्याची गरज नाही. पेटवायचे ते एकमेकांसाठी.

परवा पहाटे मिस्साला निघालो. चिंचेच्या वळणावर तीन बायका थांबल्या होत्या. एकीची चुंबळ सुटली होती. दिव्याखाली टोपली उतरवून ती पुन्हा बांधीत होती. दिव्याकडे त्यांच्यापैकी कोणाचेही लक्ष नव्हते.